अर्धं डोकं

"उठा जरा पावणं. सायेब आल्यात, घाईत हायती."

सलूनवाल्यानं एवढंच म्हटलं आणि मी उठलो. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. डावी बाजू मशीननं कापून झाली होती, उजवी तशीच होती. गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं. तसाच बाकड्यावर जाऊन बसलो. रविवारची गर्दी. दोन तास दहा मिनिटं मी नंबर लावून थांबलो होतो. खुर्चीत बसलो फक्त अकरा मिनिटं.

शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती, मुलीच्या अक्षरातली. बाजूला तीन नंबर, वर दीड इंच, मागं सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिचा साखरपुडा होता. होणाऱ्या जावयाच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी, म्हणून तो दिवस धरलेला.

शनिवारी तिनं विचारलं होतं, "पप्पा, तुम्हाला केस कसे आवडतात?"

माझं वय त्रेपन्न. हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. खुर्चीत बसायचं, मान खाली घालायची, तो कापेल तसं घेऊन बाहेर पडायचं. मी फाउंड्रीत तपासणीला आहे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला तरी ओतलेला जॉब परत पाठवतो. स्वतःच्या डोक्याचं माप मात्र कधी सांगितलं नाही. शेवटी तिनंच पट्टी घेऊन केस मोजले आणि चिठ्ठी लिहिली. सलूनवाल्यानं ती नीट वाचली होती. "करतो की काका," म्हणाला होता.

खुर्चीतल्या साहेबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मीही त्यांना ओळखलं. आमच्या गावच्या पाटलांचे धाकटे. आता मोठे कंत्राटदार. गाव वडगावच्या बाजूचं. आमची बौद्धवस्ती ओढ्यापलीकडं.

"अरं, तू वस्तीवरचा न्हवं? तुला बी आता सलून लागतंय व्हय? तुझा बा कापायचा की!"

सगळं दुकान हसलं. सलूनवालाही हसला, जरा उशिरा.

खोटं नव्हतं ते. बाप कापायचा. कारण गावचा न्हावी आम्हाला शिवत नसे. याच पाटलांच्या बारा म्हशी तो न्हावी ओढ्यावर भादरायचा. पाण्यानं भिजवून, वस्तऱ्याला धार लावून, कानामागंसुद्धा नीट. मी पलीकडून बघायचो. आठ वर्षांचा असताना बापानं माझ्यासाठी त्याला हात जोडले. तो म्हणाला, "म्हशी भादरल्या तर गाव काय म्हणत न्हाय. तुझं पोरगं भादरलं तर उद्या माझी चूल बंद." तो चिडला नव्हता. घाबरला होता. मग आई माझं डोकं गुडघ्यात धरायची आणि बाप बोथट कात्री चालवायचा. वर्गात मागची पोरं माझ्या डोक्यावरच्या पायऱ्या मोजायची. एकदा नऊ भरल्या.

बाकड्यावर बसून मला हे सगळं आठवलं. पण राग आला तो माझ्या पायांचा. ते इतक्या लवकर कसे उठले? कोण आलंय हे बघायच्या आधीच उठले होते.

मी कापड सोडलं, घडी घातली, बाकड्यावर ठेवलं.

"काका, अर्धंच झालंय! उद्या सोमवार, कुठंबी दुकान उघडं न्हाय. धाच मिनटं थांबा की!"

"अर्धंच राहू दे," म्हणालो आणि बाहेर पडलो. बाकीच्या दुकानांतही बाहेरपर्यंत रांगा होत्या. तशा डोक्यानं मी कुठल्याच रांगेत उभा राहू शकलो नाही.

घरी बायकोनं कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरातली कात्री आणली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, या घरात माझ्या डोक्याला कात्री लावायची नाही. चिठ्ठी कुठं आहे, एवढंच मुलीनं विचारलं.

साखरपुड्यात फेटा बांधला. हार घालताना तो सरकला. व्याह्यांनी बघितलं.

"काय व्याही, न्हावी पळून गेला काय अर्ध्यातनं?"

मंडळी हसली. चेष्टाच होती, प्रेमाची. व्याही आमच्यातलेच. खरं सांगितलं असतं तर लगेच समजले असते. त्यांच्या बापानंही अशीच कात्री चालवली असणार. माझी मुलगी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "लाइट गेली."

आजवर मी चुकीचं माप कधी लिहिलं नाही. फाउंड्रीतल्या साहेबांनी दबाव आणला तरी नाही. आणि आपल्याच माणसांसमोर, आपल्याच मुलीसमोर हे खोटं बोललो. उठवल्याची लाज उठवणाऱ्याला वाटली नाही. ती मी घरी आणली, फेट्याखाली झाकली. फोटोत मी डावी बाजू पुढं करून उभा आहे.

उद्या मंगळवार. दुकान नऊला उघडतं. पावणेनऊला मी पायरीवर असेन. त्याच खुर्चीत बसेन. चिठ्ठी दाखवणार नाही, तोंडानं सांगेन. बाजूला तीन नंबर, वर दीड इंच, मागं सरळ रेघ. पुरं होईपर्यंत कुणीही आलं तरी उठणार नाही. त्यानं कापायचं थांबवलं, तरी तिथंच बसून राहीन.

त्याआधी, आत्ता, व्याह्यांना फोन लावतो आहे. मुलीला शेजारी बसवलं आहे. लाइट गेली नव्हती. मला उठवलं होतं, आणि मी उठलो होतो.