आमच्या किल्ल्यावर उतरलेलं रॉकेट

माझा दादा, सूर्याजी ढमढेरे, ग्वाल्हेरच्या नकाशांच्या दफ्तरात ट्रेसर होता. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा त्यानं साऱ्या सरहद्दी नव्यानं काढल्या, आणि छप्पन्न साली मध्यप्रदेश होणार म्हणून पुन्हा काढल्या. एकच रेघ शंभर वेळा हुबेहूब ओढायची त्याला सवय होती. आता दफ्तरच भोपाळला चाललं होतं. कपाटं बांधून झाली होती आणि बदलीचा हुकूम येईपर्यंत दादाला काम नव्हतं.

नया बाजारातल्या आमच्या पुढच्या खोलीत तो टॉकीजसाठी काचेवर जाहिराती रंगवायचा. एक दिवस इंदरगंजच्या टॉकीजचे मॅनेजर दौलतसिंह आले. दिवाळीनंतर चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटचा सिनेमा लागणार होता आणि कंपनीनं नुसती पोस्टरं पाठवली होती.

"स्लाइड से नहीं चलेगा, ढमढेरे साब," ते म्हणाले. "कुछ हिलता हुआ चाहिए. आधा मिनट. पब्लिक को बस झलक दिखानी है."

दादा हो म्हणाला आणि मग बसून आकडेमोड करू लागला. सेकंदाला चोवीस चित्रं. एकेक दोनदा घेतलं तरी तीनशे साठ कागद.

"वर्षाचे पापड मी एकटी लाटते," सुमनवहिनी म्हणाली. "आणा कागद."

रॉकेट आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. वहिनीनं दुधीभोपळा उभा धरला, दादानं त्याला पंख लावले. ते आमच्याच किल्ल्यावरून उडणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. चंद्रावर काय असतं ते कळेना, तेव्हा दादानं नकाशातल्या कोरड्या विहिरींच्या खुणा आणि चंबळच्या बीहडातल्या घळी त्यावर पेरून दिल्या. दादाची पेन्सिल, वहिनीची शाई, माझा रंग. दहाव्या दिवसापासून आम्ही तिघं कारण नसताना हसू लागलो. भाजी करपली तरी हसू, कागद उलटा लागला तरी हसू.

एका फोटोग्राफरकडून हातानं फिरवायचा जुना कॅमेरा मिळाला. हँडल एकदा फिरवलं की एक चित्र. दादानं तो झोपाळ्याच्या कड्यांना तोंड खाली करून बांधला. मी कागद ठेवून नंबर पुकारायची, तो हँडल फिरवायचा. शेवटी पाटी घेतली, 'आ रहा है'.

फिल्म मुंबईला धुवायला गेली आणि परत आली. रिकाम्या टॉकीजमध्ये आम्ही ती बघायला बसलो. पडद्यावर किल्ला वर लटकत होता आणि रॉकेट डोकं खाली करून पाताळात चाललं होतं.

"किला आसमान में कैसे गया?" दौलतसिंहांनी विचारलं.

कॅमेरा बांधताना त्याचं डोकं आमच्या पायांकडे झालं होतं. दादा पांढरा पडला. ऑपरेटर म्हणाला, रीळ फिरवून शेवटाकडून लावतो, चित्र सुलटं होईल. झालंही. फक्त आता सगळं मागून पुढे चाललं. आधी 'आ रहा है' आलं. मग चंद्रावरून रॉकेट निघालं, ज्वाळा पोटात ओढून घेत, शेपटीवर तोल सांभाळत, आणि अलगद आमच्या किल्ल्यावर टेकलं.

 मग वहिनीला पदरात तोंड लपवावं लागलं.

"पुन्हा काढून देतो," दादा म्हणाला.

"हाथ मत लगाना," दौलतसिंह म्हणाले.

पहिल्याच खेळाला पब्लिकनं खुर्च्या वाजवल्या आणि तो तुकडा तीनदा लावायला लावला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं दादाला अडवून विचारलं, "भैयाजी, उसमें से उतरेगा कौन?" पुढे खरा सिनेमा लागला. तो संपला तरी लोक उठेनात, आपलं रॉकेट कुठंय म्हणून. तेव्हापासून आमचं अर्धं मिनिट सिनेमाच्या शेवटीही लागू लागलं.

बदलीचा हुकूम आला त्याच आठवड्यात झाशीच्या टॉकीजचं पत्र आलं. त्यांनाही त्यांच्या किल्ल्यावर रॉकेट उतरवून हवं होतं. दादानं दोन्ही कागद वहिनीपुढे ठेवले.

"भोपाळला कोण ओळखतं आपल्याला?" ती म्हणाली.

घरात साधा कागद उरला नव्हता. दादानं राजीनामा ट्रेसिंग पेपरवर लिहिला, सुरेख अक्षरात. तोवर वहिनी झाशीच्या रॉकेटला दार काढायला बसली होती. या वेळी कुणीतरी उतरलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. त्यानं पगडी घालावी की टोपी, यावर आमचं भांडण जुंपलं आणि दोन दिवस पुरलं.