कारवीचा मध

दिवाळीनंतर सुरगाण्याकडचा मधवाला आमच्या सोसायटीत आला की खाली नुसती जत्रा भरते. कुणी काडी पेटवून बघतं, कुणी पाण्यात थेंब सोडतं. तळाशी साखर धरलेली दिसली की सगळेच नाक मुरडतात.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू असले उद्योग करत नाहीत. तळहातावर एक थेंब घेतात, डोळे मिटून हुंगतात आणि 'घ्या' किंवा 'नको' म्हणतात. आम्ही मुकाट्याने ऐकतो. मग त्या नळाखाली हात धुतात. काकूंनी पंचाहत्तरी ओलांडलीय. डायबेटिसमुळे डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हापासून त्यांनी साधं बोटसुद्धा चाटलेलं नाही.

यंदा मात्र त्या हुंगतच राहिल्या. मग म्हणाल्या, "कारवी फुललीय!"

"हां आजी," मधवाला म्हणाला, "डोंगरातली कारवी, सात वर्सांनी एकदाच फुलते. आज तरी चाखून पाहा."

आम्ही सगळे त्या थेंबाकडे बघत होतो. मी तर बाटलीचं झाकणही चाटून ठेवणारा माणूस. थेंब ओघळत मनगटापर्यंत आला. काकू शांतपणे नळाकडे गेल्या आणि त्यांनी हात स्वच्छ धुतला.

"पुढच्या फुलोऱ्याला बघू की," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या.