गजांतून दिलेली चटणी

मंडळी, मी बोलून राह्यले, नात टाइप करून राह्यली. चुकलं तर तिला बोला.

सकाळी ती जुन्या ग्रीक लोकांचं पुस्तक वाचून सांगत होती की, जे आपल्या ताब्यात न्हाई त्यासाठी जीव जाळायचा न्हाई. ताब्यात फक्त आपलं मन असतं. मला बिलकुल पटलं.

दुपारी मी मागच्या खोलीत पडले होते. सून नातीला घेऊन तीर्थपुरीच्या बाजाराला गेली अन् सवयीनं बाहेरून कुलूप घालून गेली. इकडं चार वाजता माझी लग्नापासूनची मैत्रीण काशी कायमची पुण्याला, लेकाकडं निघणार होती.

कुलूप माझ्या ताब्यात न्हाई, म्हणून मी शांत बसले. मंग जीपचा हॉर्न ऐकू आला अन् मी खिडकीच्या गजांवर ताट बडवलं.

काशी उतरून आली. "का गं, जेलात गेली का?"

"तू तरी कुठं मोकळी? लेक सामानासंगं तुलाबी बांधून नेऊन राह्यला."

ती हसली न्हाई. तिच्यासाठी कुटलेली जवसाची चटणी तिनं गजांतून घेतली अन् माझा हात धरला. लेकानं दोनदा हॉर्न वाजवला, तवा सोडला.

तुम्ही शिकलेले लोक सांगा, मन ताब्यात असतं म्हणणाऱ्यांची मैत्रीण कधी अशी गेल्ती का?