मामांचे पत्रे

आभाळात ढग यायच्या आधीच मनातून ओलाचिंब होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मसुऱ्याच्या अलीकडे त्यांचा काजूगर काढायचा लहानसा कारखाना आहे. वर सिमेंटचे जुने पत्रे, खाली काम करणाऱ्या पंधरा-वीस बाया. पत्रे दुरुस्त करायचे की नवे घालायचे, ही काळजी मामा कित्येक वर्षं करत होते. एका लग्नात ऐन अक्षता पडताना हॉलच्या छताकडे बघत त्यांनी मला विचारलं, "हेंचे पत्रे किती वर्सांचे आसतीत रे?" कणकवलीचा ठेकेदार म्हणाला, "सगळे बदला." मामांना पटलं. गावचा सुतार म्हणाला, "डांबर मारा, बस झाला." तेही पटलं. दोन्ही पटल्यामुळे रक्तदाब वाढला, तर त्यांनी डॉक्टरांनाही पत्र्यांबद्दलच मत विचारलं! पावसाळ्यात मात्र गळायचंच. जिच्या डोक्यावर धार लागे ती बाई पाटी उचलून निमूट पलीकडे सरकायची, आणि त्या दिवशी मामांना जेवण जात नसे.

गेल्या मे महिन्यात, अडुसष्टाव्या वर्षी, ते स्वतःच शिडी लावून वर चढले. मी खालून ओरडत होतो, "मामा, उतरा!"

"अरे, डोळ्यांनी बघल्याशिवाय कसां ठरवतलंय?"

एवढ्यात काड्कन आवाज झाला. मी आत धावलो. पत्रा फोडून मामांचा एक पाय मांडीपर्यंत खाली लोंबत होता. चप्पल काजूच्या ढिगात पडली होती, पण हसलं कोणीच नाही. वरून कापरा आवाज आला, "गो, खाली कोणाक लागला काय?"

"नाय, मामानू! तुमी हलू नकात!"

सुताराने त्यांना उतरवलं. पायाला पट्टी बांधताना मामा म्हणाले, "माझो पाय गेलो तर गेलो. पत्रो त्यांच्या डोक्यार पडलो असतो तर?" त्याच आठवड्यात सगळे पत्रे उतरले.

जुलैत, नव्या छपराखाली, मामांनी एका म्हातारीला मुद्दाम बोलावून घेतलं. वीस वर्षं तिथे काम करून, नजर अधू झाली म्हणून ती नुकतीच घरी बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता.

"खंय गळता काय गो?"

"खंयच नाय, मामानू."

मामांचा आवाज एकदम उतरला. "तू हंय आसतानाच ह्या करूक व्हया होता."

म्हातारीने पदराने बाकड्याची कड पुसली. "बसा वायच," ती म्हणाली. मामा बसले, आणि दोघं नव्या पत्र्यांवरचा पाऊस ऐकू लागली.