ताणाच्या काठाची टोपी

बाळाची टोपी नारळाला घालून बघू नये. बसली तर निघत नाही, आणि निघाली तर तिला टोपी म्हणता येत नाही. हे ज्ञान मला पन्नाशी ओलांडल्यावर, भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात मिळालं.

मी मुळात अबोल माणूस. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणीला असतो. इतरांनी केलेला माल मापायचा आणि केसभर चुकला तर बाजूला काढायचा. ह्या कामाला बोलावं लागत नाही, नुसतं तोंड वाईट केलं तरी भागतं. घरीही मी आजवर तेवढ्यावरच भागवलं. अपराधी वाटून घेणं हा मात्र माझा आवडता छंद. गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपण वेळेवर काही बोलायला हवं होतं. ह्या खेपेला मात्र अपराध शंभर टक्के माझा होता. न्हाणीत साबणाचं पाणी सांडून मी तसाच बाहेर आलो आणि माझ्या मागून मंगल आत गेली. (मंगल म्हणजे बायको.) उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये!

वेळही मी मोठी छान निवडली होती. सुजाता, आमची मुलगी, बाळंतपणासाठी कंग्राळीला आमच्याकडे आलेली. नातू झालेला, बारसं तोंडावर. आमच्यात पाळण्यात घालताना बाळाला आजोळची टोपी घालतात आणि ती आजीनं स्वतःच्या हातानं विणलेली असावी लागते. मंगलच्या विणकामाची कीर्ती निपाणीपर्यंत पोचलेली. (पोचवली तिनंच.) सुजाताच्या निपाणीच्या सासूबाईंना तर तिनं फोनवर सांगूनही टाकलं होतं, "हात मोडायच्या आदीच झालीया टोपी. बारशाला बघालच की." टोपी राहू द्या, लोकरीचा गुंडासुद्धा अजून पिशवीतून बाहेर आला नव्हता.

"कॅम्पातल्या दुकानातनं इकतची आनूया," मी म्हणालो.

"इहीणबाईला मशीनचा टाका दारातनं कळतोय."

"मग?"

"मग काय. मोडक्या हातानं विनीन की. तुमी जावा, न्हाणीत आनी जरा साबण सांडा जावा."

अपराधी माणूस कुठल्या क्षणी काय बोलेल ह्याचा भरवसा नसतो. मी म्हणालो, "मी विनतो."

मंगलनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "तुमी? गुंडी तुटली तर शर्ट घालायचा सोडतासा तुमी."

तरी तिनं शिकवलं, कारण दुसरा इलाज नव्हता. ती पलंगावर बसून डाव्या हातानं दाखवायची, मी खाली बसून दोन्ही हातांनी चुकायचो. सुईवर टाके घालणं म्हणजे टोपीचा काठ सुरू करणं. आता आयुष्यभर ढिल्या मालाला नापास करत आलेला माणूस काठ कसा सुरू करणार? प्रत्येक टाका मी असा आवळला की सुई वाकली. सुलटा-उलटा करत चढत गेलो, वर टाके कमी करत शेंडा बंद केला आणि माल मंगलपुढं ठेवला.

तिनं काठात दोन बोटं घातली. ती अडकली. "ही टोपी हाय का बरणीचं झाकान?"

"फिटिंग हाय," मी म्हणालो.

बाळ झोपलेलं होतं, म्हणून मी बारशासाठी आणलेल्या नारळांतला एक बाळाच्या डोक्याएवढा नारळ निवडला आणि टोपी त्याच्यावर दाबून बसवली. बसली! मग निघेना. ओढली, पिळली, नारळ गुडघ्यांत धरून खेचली. काथ्या आणि लोकर यांचं असं काही जुळलं होतं की विचारू नका. तेवढ्यात सुजाता पाणी प्यायला आत आली आणि दारातच थांबली.

"आप्पा, नारळाला थंडी वाजाय लागलीया काय?"

शेवटी कात्रीनं काठ कापला. मंगलनं कापलेला तुकडा उचलून बोटांत ताणून बघितला.

"काठ ताणला पायजे आनी सोडला की मिटला पायजे," ती म्हणाली. "बाळाचं डोकं म्हंजे तुमच्या कारखान्यातला पाईप न्हवं. ताणाचं टाकं घाला."

ताणाच्या टाक्याचं वर्णन करणं सोपं आहे. अंगठ्यावर लोकरीचा फास घ्यायचा, शेजारच्या बोटावर धागा. साध्या पद्धतीत सुई फासात घालून बोटावरचा धागा उचलला की झालं. इथं सुई आधी फासाच्या दोन्ही धाग्यांखालून पलीकडं न्यायची, वळवून वरून फासात बुडवायची, बोटावरचा धागा उचलायचा, आणि मग अंगठा वाकवून फास उघडायचा, म्हणजे सुईला बाहेर यायला वाट होते. त्या जास्तीच्या पिळात ताण राहतो. माझा अंगठा ऐन वेळी ताठ उभा राहायचा आणि सगळं सुटून मांडीवर.

"अंगठा वाकवा, अवो."

"वाकवलाय."

"त्यो मान हालवाय लागलाय नुसता. नंदीबैलागत."

मी कारखान्यातही चहाच्या सुट्टीत सुतळी आणि दोन वेल्डिंगच्या काड्या घेऊन सराव करू लागलो. लेथवरचा आण्णा बराच वेळ बघत होता. "सायेब," तो म्हणाला, "घरात काय बोलता येत न्हाय म्हनून हिकडं मनातल्या मनात कुनाला बांधाय लागलासा?" मी तोंड वाईट करून बघितलं. भागलं नाही.

पण जमलं. नवा काठ ताणला की ताणायचा, सोडला की मिटायचा. मंगलनं तो दोनतीनदा ओढून बघितला आणि म्हणाली, "बरं जमलंय की." आमच्या लग्नापासून ह्या वाक्याची मी वाट बघत होतो असं नाही, पण ऐकल्यावर वाटलं, बघत असणार. टोपी पुरी झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता कपाटात ठेवा. हात लावू नगा."

हात लावू नका! तपासणी न करता माल बाहेर सोडणारा माणूस मी नव्हे. मंगलचा डोळा चुकवून मी टोपी तांब्याला घालून बघितली. मिटली. डाळीच्या डब्याला घातली. मिटली. मग कुकरला. जरा वेळ घेऊन मिटली. शेवटची चाचणी म्हणून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि आरशात बघितलं. बरी दिसत होती. म्हटलं, पास. लोखंड हार मानतं तेव्हा आवाज करतं. लोकर काही बोलत नाही, माझ्यासारखीच असते.

बारशाला निपाणीचे पाहुणे आले. बायका पाळण्याभोवती जमल्या. सुजातानं बाळाला टोपी घातली आणि ती कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर अशी निवांत खाली आली. बाळ दिसेनासं झालं. नाव सांगायला आत्या वाकली आणि तिथंच अडली. "आई, कान कुठं हाय गं?"

विहीणबाई आत्याशी कानडीत काहीतरी कुजबुजल्या. आमच्या सीमाभागात कानडीत कुजबुजून काही लपत नाही, पण सगळे सभ्यपणानं न कळल्यासारखं करतात. मग त्या मराठीत मोठ्यांदा म्हणाल्या, "असू दे, आक्का. वय झालं की मानूस मापात चुकतंय."

मंगलनं मान खाली घातली. ती मान मी कधी खाली गेलेली बघितली नव्हती. मला राहवलं नाही.

"टोपी मी विनलीया," मी म्हणालो.

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. विहीणबाईंचे डोळे भरून आले. "बघा गं पोरीनू. नवरा असावा तर असा. बायकोची चूक आपल्या अंगावर घेतोय."

म्हणजे मंगलचं नाव तर गेलंच, वर मी देवमाणूस ठरलो! मंगलनं मान वर केली. नजरेत न्हाणीघर होतं. "अवो," ती म्हणाली, "सुया आना."

तीस बायकांच्या मधे बसून मी ताणाचे टाके घातले. फासाखालून नेलं, वळवलं, बुडवलं, उचललं. अंगठा पहिल्याच झटक्यात वाकला. विहीणबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"हात मोडायच्या आदीच झालीया म्हनलासा ते मग?" त्यांनी मंगलला विचारलं.

"नवऱ्याच्या हातात सुई दिलीया म्हनून फोनवर कसं सांगू? मला काय लाज न्हाय व्हय?"

हे विहीणबाईंना एकदम पटलं. "तरीच म्हनलं. आक्काच्या हाताला असं व्हायचं न्हाय. हात बरा झाला की नवी विनतीला, काय घाई न्हाय." त्यांनी आपल्या पिशवीतलं टोपडं काढून बाळाला घातलं. कान सापडला, नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या.

टोपी तेवढी पाळण्याच्या दांडीवर राहिली होती. निघताना आमच्या व्याह्यांनी ती उचलली आणि आपल्या टकलावर घातली. अगदी मापात बसली. "पावनं," ते मला म्हणाले, "मोटरसायकलवर गार वारं लागतंय, ऱ्हाऊ दे माझ्याकडंच."

मंगलची अब्रू वाचली. माझी मात्र व्याह्यांच्या डोक्यावर बसून, सगळ्या हायवेला दिसेल अशी, निपाणीला गेली.