बसमधला वास आणि नियम क्रमांक चौदा

हा प्रसंग कुणालाही सांगायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण माझा चुलतभाऊ सलीम म्हसळ्याच्या एसटी स्टँडपासून श्रीवर्धनच्या बाजारापर्यंत तो सगळ्यांना ऐकवत फिरतो आहे, आणि त्याच्या सांगण्यात मी दर आठवड्याला थोडा अधिक मूर्ख होत चाललो आहे. तेव्हा घ्या चहा, आणि खरी हकीगत माझ्याकडूनच ऐका. फजिती माझी आहे. ती निदान अचूक तरी सांगितली जावी!

झालं असं की, इतिहासात एम.ए. केल्यावर मी आणि सलीम पाठीला सॅक लावून मलेशियातली तीन जुनी शहरं पाहायला निघालो. मलाक्का, इपोह आणि जॉर्जटाउन. प्रवास ट्रेनने, नाहीतर बसने. सलीमची तयारी म्हणजे दोन टी-शर्ट आणि एक चार्जर. माझी तयारी म्हणजे अकरा पानांची प्रवासनियमावली, प्रत्येक नियमाला क्रमांक दिलेली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

त्यातले दोन नियम कृपया लक्षात ठेवा. नियम सहा: आपलं सामान क्षणभरही नजरेआड करू नये. नियम चौदा: त्या देशात कुणाकडे बोट रोखणं असभ्य समजलं जातं, म्हणून मूठ मिटून, अंगठा पुढे करून निर्देश करावा.

निघायच्या आदल्या दिवशी अम्मी एक पुडकं घेऊन आली.

"बोंबील नि सोडे हायेत जरासे. ठेव बॅगेत."

"अम्मी, परदेशात सुकी मासळी नेता येत नाही. नियम असतात. शिवाय वास येतो."

"वास?" अम्मीने पुडकं नाकाला लावलं. "कसला वास? घे, तूच बघ."

मी काळजीपूर्वक हुंगलं. खरोखरच वेगळा असा वास नव्हता. आमच्या घरात जी हवा असते, तीच त्या पुडक्यात होती. तरीही मी नकार दिला. तीनदा दिला. कारणांसहित दिला. अम्मी मुकाट्याने पुडकं घेऊन आत गेली, आणि आपल्या युक्तिवादात केवढी ताकद आहे, या विचाराने मी मनोमन सुखावलो.

ओळखलंत ना तुम्ही? ओळखणारच. एम.ए. झालेला एकटा मीच काय तो ओळखू शकलो नाही!

मलाक्का निर्विघ्न पार पडलं. इपोहही पार पडलं. फक्त इपोहहून निघताना माझा टॉवेल वाळलेला नव्हता. तो मी सॅकच्या तळाच्या कप्प्यात, रेनकोटच्या घडीवर कोंबला. रेनकोट मी घरून निघाल्यापासून उलगडलाच नव्हता. हवामानाचा अंदाज मी रोज पाहत होतो आणि पाऊस नव्हता. ट्रेनची तिकिटं संपली होती म्हणून आम्ही बटरवर्थला जाणारी बस पकडली. तिथून बोटीने जॉर्जटाउन गाठायचं होतं.

बस वातानुकूलित होती. खिडक्या न उघडणाऱ्या. बाकी सगळ्यांचं सामान खाली डिकीत गेलं. माझी सॅक, नियम सहानुसार, माझ्या पायाशी.

पलीकडच्या सीटवर एक म्हातारी बाई बसली होती. डोक्याला फिकट निळा रुमाल, मांडीवर लाल कापडाने झाकलेली मोठी टोपली, आणि टोपलीभोवती दोन्ही हात. मी सलाम केला. तिने हसून जबाब दिला आणि आम्हा दोघांच्या हातावर आल्याची एकेक गोळी ठेवली.

"आपल्याकडचीच कुणाची तरी नानी वाटते रे," सलीम म्हणाला. आम्ही तिला नानीच म्हणू लागलो.

त्या गोळीची चव अजून माझ्या तोंडात होती, तेव्हाच मी पुढचा प्रकार केला. हे नमूद करणं मला भाग आहे.

अर्ध्या तासाने मागच्या बाईने ओढणी नाकावर घेतली. पुढचा माणूस वळून वळून पाहू लागला. एक लहान मुलगी मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि तिच्या आईने तिला दटावलं.

"लोकांना कसला तरी वास येतो आहे," मी म्हणालो.

"तुला येतोय?"

"नाही. तुला?"

"न्हाय बा."

मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"आत्ता तर न्हाय बोललास!"

"येत नाहीच. पण सहप्रवाशांच्या भावनांचा आदर म्हणून."

सलीमने माझ्याकडे असं पाहिलं, की… जाऊ द्या.

शेवटी ड्रायव्हरने बस बाजूला घेतली आणि तो नाक पुसत आमच्यापर्यंत चालत आला. त्याने मलय भाषेत काहीतरी विचारलं. त्याच्या डोक्याच्या वर, बसच्या छतालगत एक पाटी लावलेली होती: काटेरी फळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. ते फळ म्हणजे दुरियन. आपल्या फणसाचा धाकटा भाऊ समजा, पण वासात थोरला! तिथे बसमध्ये ते न्यायला बंदी असते. माझ्या नियमावलीत तो नियम नववा.

मी पाटीकडे पाहिलं. मग नानीच्या टोपलीकडे पाहिलं. आकार गोल. वर कापड. मालकीण ती सोडायला तयार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक पुरावा कुठे मिळतो?

"प्रोफेसर, गप बस," सलीम कुजबुजला. "तुझं काय जातंय?"

"प्रश्न सार्वजनिक शिस्तीचा आहे."

आणि मी उठलो. मूठ मिटली. अंगठा पुढे केला. अत्यंत सभ्यपणे, नियम क्रमांक चौदानुसार, मी नानीच्या टोपलीकडे निर्देश केला.

नानीने मान हलवून नाही म्हटलं. टोपली पोटाशी धरली. कापडाचं टोक उचलून दाखवायलाही ती निघाली होती, पण ड्रायव्हरला घाई होती. त्याने टोपली तिच्या हातातून घेतली, खाली उतरला आणि डिकीत ठेवून आला. नानीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

मी खाली बसलो आणि म्हणालो, "कटू होतं, पण आवश्यक होतं."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. इथे सलीम पदरचं काही घालत नाही.

बस सुरू झाली. वास, असं म्हणतात, गेला नाही. उलट वाढला! आता लोक नानीकडे न पाहता एकमेकांकडे पाहू लागले. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहू लागला.

तेवढ्यात नानी उठली. सीटच्या पाठी धरत धरत आमच्यापाशी आली. एकदा सलीमच्या बाजूला हुंगलं, एकदा माझ्या. मग वाकली. आणि तिने मूठ मिटून, अंगठा पुढे करून, माझ्या पायाशी असलेल्या सॅककडे निर्देश केला. माझ्यापेक्षा कितीतरी अधिक सभ्यपणे.

सॅक उघडावी लागली. ओला टॉवेल निघाला. रेनकोट निघाला. रेनकोटच्या बाहीत काहीतरी टणक लागलं. बाहीतून निघालं पुडकं! कागद भिजून लगदा झालेला, बोंबील आणि सोडे ओलसर झालेले, आणि वर अम्मीच्या जुन्या दुपट्ट्याच्या पट्टीची घट्ट गाठ. ती गाठ मी जगात कुठेही ओळखली असती.

पुढच्या तीन रांगांतून एकदम आवाज आला. मला विमानतळावरचा तो फॉर्म आठवला: 'खाद्यपदार्थ नाहीत'. खाली माझी सुवाच्य सही.

"अरे, बोंबील!" सलीम ओरडला. परदेशात गाववाला भेटावा तसा!

मी नानीची माफी इंग्रजीत मागितली, हिंदीत मागितली आणि शेवटी घशातून फक्त मराठी निघू लागलं. ड्रायव्हर एक लांबलचक वाक्य बोलला. त्याचा अर्थ मी आजतागायत कुणाला विचारलेला नाही.

पण खरी शरम बटरवर्थला होती. ड्रायव्हरने डिकी उघडली. नानीची टोपली दोन सूटकेसांखाली आडवी झाली होती. तिने लाल कापड काढलं. आत विड्याच्या पानांचा मनोरा होता. म्हणजे, सकाळपर्यंत होता. पानं एकावर एक रचून, मधेमधे मोगरा खोवून केलेला. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं: नातवाचा साखरपुडा. मुलीकडे हा घेऊन जायचा. दुपारी. पहाटेच्या नमाजापासून ती तो रचत बसली होती.

ती बाकावर बसली आणि त्या चेपलेल्या पानांकडे पाहू लागली. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला उभं राहता आलं असतं.

सलीमने मात्र सरळ जमिनीवर मांडी घातली. चाचांच्या पान-सुपारीच्या दुकानात त्याचं बालपण गेलेलं.

"पानं फाटली न्हाईत, मुडपलीत," तो म्हणाला. "नानी, द्या इकडं. प्रोफेसर, तू ओल्या रुमालानं पानं पूस. आणि मेहरबानी कर, कुणाकडं अंगठा दाखवू नको!"

मी पानं पुसली. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. नानी आधी नुसती पाहत होती, मग तीही खाली बसली. सलीमची बोटं आणि तिची बोटं, भाषेवाचून, सराईतपणे चालली होती. तासाभरात मनोरा उभा राहिला. पूर्वीसारखा नाही. एका अंगाला किंचित कलला होता. नानीने तो कललेला भाग मागे फिरवला आणि मान डोलावली.

एवढ्यात तिचा मुलगा गाडी घेऊन आला. जाताना नानीने माझ्या सॅककडे पाहिलं.

"इकान?" ती म्हणाली. मासळी. एवढा शब्द हॉटेलांच्या पाट्या वाचून मला येत होता.

मी पुडकं दोन्ही हातांनी दिलं. तिने ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग मुलाकडे वळून काहीतरी बोलली. त्याने मला इंग्रजीत सांगितलं, "आमची आजी अशीच वाळवायची. आई विचारते, हे कुणी दिलं?"

"माझ्या आईने."

नानी आणखी काहीतरी म्हणाली. मुलगा संकोचला. "ती म्हणते, तुझी आई हुशार बाई दिसते." वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्याने सौजन्याने गिळला.

जॉर्जटाउनच्या बोटीत, मांडव्याच्या बोटीत असतो तसा खारा वारा होता. मला वाटलं, सुटलो. पण मध्यावर आलो आणि शेजारचं कुटुंब उठून लांब जाऊन बसलं. एका गृहस्थाने नाक मुरडलं. मग तीन-चार जणांच्या नजरा आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यावर खिळल्या. बिचारा गोणपाटाच्या पिशवीला टेकून पेंगत होता.

मी उठलो. मूठ मिटली. अंगठा पुढे केला आणि सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा, स्वतःच्या छातीकडे वळवला.

आणि शपथेवर सांगतो, वास मला तेव्हाही आला नव्हता!