गावानं मला ओळखलं नाही

कामरगावजवळच्या माझ्या गावची मी नाहीच, असं मला सरकारी कागदानं कळवलं.

मी लष्कराच्या एका भांडारात कारकून. दर काही वर्षांनी आमची सुरक्षा तपासणी होते. यंदा तपासणी आटोपली आणि फाटकावरच्या जवानानं माझं ओळखपत्र काढून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं. कारण विचारलं तर म्हणाला, "सांगता येत नाही." ओळखपत्र नाही तर आत जाणं नाही, आणि आत जाणं नाही तर नोकरी तरी किती दिवस टिकणार?

आमच्या हेडक्लार्कनी नियम दाखवला: कारण लेखी मागता येतं, उत्तर देता येतं, आणि ओळखपत्र काढून घ्यायचा हुकूम देणारा सोडून दुसरा अधिकारी आपलं ऐकतो. मी अर्ज केला. उत्तर आलं, 'सदर व्यक्ती नमूद कायमच्या पत्त्यावर आढळली नाही. ग्रामस्थांनी ओळखण्यास नकार दिला.'

तडक जीप पकडून गाव गाठलं. वडील गेल्यावर मला वाढवलं ते मोठेबाबांनी, वडिलांच्या थोरल्या भावानं. ते ओट्यावरच बसले होते, चांगले खुशीत.

"पोलीस आलता तुयं नाव घेऊन. मीच वाटेले लावला त्याले. म्हनलं, अशी कोनी पोरगी आमच्या गावात नाही."

आमच्या गावाची ही जुनी रीत. खाकी कपड्यानं कुणाचं नाव विचारलं की आधी 'नाही' म्हणायचं, मग ज्याचं नाव निघालं त्याला जाऊन सांगायचं. मोठेबाबांनी तर भिंतीवरचा माझा फोटोसुद्धा गव्हाच्या कोठीत लपवला होता. शेजाऱ्यांनीही एका सुरात साथ दिली. ग्रामसभेत एवढं एकमत मी कधी पाहिलेलं नाही.

"मोठेबाबा, तुमच्यापायी माही नोकरी जाऊन राह्यली!"

त्यांचा चेहरा पडला. सुनावणीला ते माझ्यासोबत आले, गहू झटकलेला फोटो पिशवीत घेऊन.

अधिकाऱ्यानं विचारलं, "आजोबा, हिला ओळखता?"

मोठेबाबांनी त्याच्या वर्दीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचे ओठ 'नाही'साठीच उघडताहेत असं मला वाटलं.

"आधी हे सांगा साहेब, हिनं केलं काय?"

"काहीच नाही."

"केलं असन त माह्या नावावर लिवा. पोरगी माही हाये."

अधिकाऱ्यानं फाइल चाळली. "इथं तर वडील वारल्याचं लिहिलंय."

झालं! आता आणखी एक खोटी माहिती माझ्या नावावर. मी घाईघाईनं खरं नातं सांगितलं. त्यानं हसू दाबत काहीतरी लिहिलं, सही केली आणि ओळखपत्र परत द्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "काय लिवलं त्यानं?"

"पुतणी. ओळख पटली."

ते जागीच थांबले. "पुतनी काहून? चुकीचं लिवलं त्यानं. चाल मांगं, याचाबी अर्ज कर."

मला एवढं भरून आलं की हसता येईना. अर्ज काही केला नाही. पण ते खरंच मागे वळले होते, आणि मला त्यांचा हात धरून त्यांना फाटकाबाहेर आणावं लागलं.